कोरियाचे कागद, आपली रद्दी

दप्तर | साप्ताहिक सदर

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की शहराच्या अलीकडे शेंद्रा लागतं. तिथल्या ऑरिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे. आमच्या गावातल्या कॉलेजच्या मुली कोरियन मालिका रात्र रात्र बघतात, आणि कोरियन नूडल्स आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. कोरिया आपल्या ओळखीचा झाला तो असा, बाजारातून आणि मोबाईलच्या पडद्यावरून.

आणि दोन्ही देशांचे पाहुणे एका व्यासपीठावर आले की भाषणात अयोध्येची राजकन्या ठरलेलीच. ती समुद्र ओलांडून कोरियाला गेली, तिथल्या राजाची राणी झाली, अशी कथा तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात आहे. अयोध्येत तिचं स्मारकही आहे आणि २०१८ साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथे येऊन गेल्या. माझं त्या राजकन्येशी काही वाकडं नाही. पण दंतकथेला पुरावा लागत नाही, कोणाची अडचण होत नाही, म्हणून सरकारी भाषणांना ती फार सोयीची पडते. खरे कागद आहेत ते पाऊणशे वर्षांपूर्वीचे, आणि ते तितके गुळगुळीत नाहीत.

त्याहीआधी मराठी वाचकाला कोरिया भेटला तो दुसऱ्याच्या लढाईतलं रणांगण म्हणून. १९०४ साली रशिया-जपान युद्धाची पहिली ठिणगी पडली ती कोरियाच्या चेमुल्पो बंदरात. आज त्याला इंचॉन म्हणतात. आशियातल्या एका देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला पाणी पाजलं म्हणून आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! त्या आनंदात कोरियाकडे कोण बघतो? १९१० साली जपानने कोरिया गिळला. १९१९च्या १ मार्चला कोरियन जनता रस्त्यावर उतरली आणि जपानी पोलिसांनी ती चिरडली. दीड महिन्याच्या आत आपल्याकडे जालियनवाला घडलं. नेहरूंनी पुढे तुरुंगातून इंदिरेला लिहिलेल्या पत्रांत कोरियाच्या त्या उठावाची आठवण काढली आहे.

आता राजनैतिक कागदांकडे येऊ. कोरियात निवडणुका घ्यायला संयुक्त राष्ट्रांनी १९४७च्या नोव्हेंबरात एक तात्पुरता आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. महायुद्धानंतर रशियाच्या ताब्यात गेलेल्या उत्तरेने आयोगाला पाऊल ठेवू दिलं नाही. मग फक्त दक्षिणेत मतदान घ्यायचं, म्हणजे फाळणीवर शिक्का मारायचा, की नाही घ्यायचं, हा पेच होता. शेवटी १० मे १९४८ रोजी दक्षिणेत मतदान झालं आणि १५ ऑगस्टला तिथे प्रजासत्ताक उभं राहिलं. मेनन यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलंय की आपल्या साऱ्या कारकिर्दीत हृदयाने डोक्यावर मात केली ती या एकाच प्रसंगी. कारण होती मो युन-सुक ही कवयित्री, जिच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. आता सांगा, हे परराष्ट्र खात्याच्या कुठल्या फायलीत सापडणार? फायलीत ठराव असतो, मतांची बेरीज असते. माणूस डगमगला कुठे, हे दुसऱ्याच कागदावर असतं.

त्याच वर्षीचा एक योग जालनेकरांनी ध्यानात ठेवावा. १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसच्या शायो राजवाड्यात सुरक्षा परिषदेपुढे निजामाची तक्रार आली. इकडे पोलिस कारवाई चालू होती, भारतीय फौज जालन्यात शिरली होती आणि दुसऱ्या दिवशी निजामाने हात टेकले. त्याच राजवाड्यात, त्याच वर्षी, १२ डिसेंबरला आमसभेने कोरियाचा ठराव मंजूर केला. जुना जालना कोणाचा आणि सोल कोणाचं, हे दोन्ही प्रश्न तीन महिन्यांच्या अंतराने एकाच छताखाली आले होते. आमच्याकडे मुक्तिसंग्रामावर एवढं लिहिलं जातं, पण हा शेजार कोणी फारसा दाखवत नाही.

२५ जून १९५० रोजी उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं तेव्हा सुरक्षा परिषदेचं त्या महिन्याचं अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आपले राजदूत पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून बजावलं, अमेरिकन फौजा ३८व्या अक्षांशाच्या वर आल्या तर चीन गप्प बसणार नाही. निरोप पोचला, कोणी मनावर घेतला नाही, आणि चीन युद्धात उतरला. हे सगळं नोंदलेलं आहे, छापलेलं आहे. राजनीतीच्या कागदांना दिल्लीत कपाट मिळालं.

पत्रकारितेच्या कागदांचं काय झालं? इथे मला कर्नल उण्णी नायर यांचं नाव घ्यायचंय. मूळचे केरळचे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या प्रसिद्धी विभागात होते, सैन्याबरोबर फिरून सैनिकांच्या कथा लिहायचे. १९५०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगावर भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. १२ ऑगस्टला वेग्वान गावाजवळ त्यांची जीप सुरुंगावर गेली. बरोबर लंडनच्या ‘टाइम्स’चे इयन मॉरिसन आणि ‘डेली टेलिग्राफ’चे ख्रिस्तोफर बकली होते. तिघेही गेले. दैगू शहरात नायर यांचं स्मारक आहे, तिथले लोक ते सांभाळतात. अर्धा मुत्सद्दी, अर्धा बातमीदार असलेला हा माणूस, आणि आपल्याकडे पत्रकारितेच्या वर्गात त्यांचं नाव निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मराठी माणसाचा कोरियाशी सगळ्यात जवळचा संबंध आला तो युद्ध थांबल्यावर. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, पण मायदेशी परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचं काय करायचं, यावर घोडं अडलं होतं. त्यांच्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग झाला. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवायला भारताने फौज पाठवली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खार खाऊन होते की भारतीय जवानाचा पाय आपल्या मातीला लागू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मग इंचॉनला जहाजावरून जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसवून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. हजारो जवान, असे हवेतून. तळाला नाव दिलं हिंदनगर.

ताब्यात बावीस हजारांहून अधिक कैदी, बहुतेक कम्युनिस्टविरोधी चिनी आणि कोरियन. दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेच्या आसपास. २५ सप्टेंबरला एका कुंपणातल्या चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आत ओढून नेलं. त्यांच्यातला एक जण मायदेशी जायचं म्हणून पळून भारतीयांच्या आसऱ्याला आला होता, तो परत द्या, ही त्यांची मागणी. थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन, शस्त्राशिवाय, त्या ओरडणाऱ्या घोळक्यात गेले. बोलत राहिले, जमाव निवळला, ग्रेवाल सुटले. गोळी सुटली नाही. सगळे दिवस असे गेले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. थोरातांनी ‘माझी शिपाईगिरी’ या आत्मचरित्रातून आपलं लष्करी आयुष्य मराठी वाचकांपुढे मांडलं, हे आपलं नशीब. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानेही या फौजेचा अधिकृत इतिहास १९७६ साली प्रसिद्ध केला, इंग्रजीत. तो मराठीत यायला हवा, आणि विश्वकोश किंवा साहित्य-संस्कृती मंडळासारख्या संस्थेला हे काम जड नाही.

या मोहिमेचा एक कागद मला सगळ्यात आवडतो, तो बोटाच्या पेराएवढा आहे. हिंदनगरच्या जवानांच्या पत्रांसाठी टपाल खात्याने नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापून १९५३मध्ये बारा तिकिटांचा संच काढला. मूळ तिकिटं पुरातत्त्व मालिकेतली. त्यातल्या सर्वांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती आहे, नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती. गावातल्या एका संग्राहकाकडे यातली सुटी तिकिटं पाहायला मिळाली. अजिंठ्याचा हत्ती आणि त्याच्या अंगावर काळ्या शाईत ‘कोरिया’. छपाई किंचित सरकलेली, कडेचे दात दोन ठिकाणी तुटलेले. आपल्या डोंगरातला हत्ती निर्लष्करी पट्ट्यातल्या पानमुनजोमच्या बर्फात जाऊन आला. संग्राहक तिकिटाची किंमत सांगत होता. मी विचारलं, ज्या पाकिटावर हे चिकटलं होतं, त्यातलं पत्र कुठे आहे? तो म्हणाला, “पत्राला कोण विचारतो साहेब, लोक तिकीट भिजवून काढून घेतात आणि बाकी फेकून देतात.”

दुखणं आहे ते हेच. करार, ठराव, तारा राहिल्या. ज्यांनी पहारा दिला त्यांची पत्रं गेली, आणि कोरियाची बातमी वाचून इथे लोकांनी काय म्हटलं ते छापणारे वर्तमानपत्रांचे अंक गेले. त्या काळात मराठी वर्तमानपत्रांचा कोरियात बातमीदार असणं परवडणारंच नव्हतं. प्रेस ट्रस्ट १९४९मध्ये सुरू झाली तीही रॉयटर्सच्या साथीने, त्यामुळे बातमी यायची ती इंग्रजी तारेवरून, भाषांतर होऊन. म्हणजे बातम्या सगळीकडे साधारण सारख्या. पण अग्रलेख सारखे नसायचे, वाचकांची पत्रं सारखी नसायची. निजामाच्या राजवटीत बंदी सोसलेलं आ. कृ. वाघमाऱ्यांचं ‘मराठवाडा’, पुढे अनंत भालेरावांनी गाजवलेलं, आता बंद पडलेलं. अशा पत्रांचे बांधीव अंक ज्या ज्या वाचनालयात असतील तिथे आपल्या भागाने जगाकडे कसं पाहिलं ते वाचायला मिळतं. नुकता स्वतंत्र झालेला आणि त्याहून नुकता भारतात आलेला हा मुलूख, त्याला दुसऱ्या एका फाळणी झालेल्या देशाबद्दल काय वाटलं, हे दिल्लीच्या फायलीतून कळायचं नाही. परराष्ट्र खात्याच्या सचिवाला ते माहीत नव्हतंच.

मला या बाबतीत राजनैतिक इतिहासकारांपेक्षा आपल्या ग्रंथालय समित्यांचा जास्त राग येतो. अनुदान वाचवायला नवीन पुस्तकांची संख्या दाखवावी लागते, जागा अपुरी, मग जुने अंक आधी माळ्यावर, मग जिन्याखाली, मग रद्दीत. कसर आणि वाळवी उरलेलं काम करतात. किलोच्या भावाने १९५३ साल विकलं जातं. असईची लढाई आमच्या जिल्ह्यात झाली, १८०३ साली. पण तिचं सविस्तर वर्णन वाचायचं तर ती जिंकणाऱ्या इंग्रज सेनापतीचे, वेलिंग्टनचे, कागद साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत. इंग्रजांनी ठेवले म्हणून त्यांची बाजू उरली. कोरियाच्या बाबतीत आपली बाजू आपल्याच हातात होती.

भारताने दोन्ही कोरियांशी राजदूत पातळीवरचे संबंध जोडले ते १० डिसेंबर १९७३ रोजी, एकाच दिवशी. मधली वीस वर्षं दोघांना समान अंतरावर ठेवण्याची जी कसरत झाली, तिचं मूळ हिंदनगरात आहे. सिंगमन रींचा तो राग, कैद्यांच्या घोषणा, आपल्याला दोन्हीकडून बसलेल्या शिव्या. तटस्थ राहणं म्हणजे कुंपणावर बसणं, असं आज टीव्हीवर कोणीही उठून म्हणतं. हिंदनगरच्या जवानांना कुंपणाच्या आत जावं लागलं होतं.

जाणकारांसाठी आणि पीएचडीच्या विषयाच्या शोधात असलेल्या पोरांसाठी: राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायलींची सूची तिथे जालन्यात बसून चाळता येते. ‘कोरिया’ आणि १९४८ ते १९५४ एवढं टाकून बघा. हैदराबाद संस्थानाचं दप्तर हैदराबादेत तेलंगणाच्या अभिलेखागारात आहे, आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं एक कार्यालय संभाजीनगरलाच आहे.

बाकी सर्वांना विनंती एवढीच. घरात आजोबा किंवा काका फौजेत असतील आणि १९५३-५४च्या सुमारास समुद्रापलीकडे गेले असतील, तर दिवाळीच्या आवराआवरीत पत्र्याची जुनी पेटी रद्दीवाल्यापुढे ओतू नका. फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघा, पाकिटावरचं तिकीट भिजवू नका, पत्र आत असेल तर तसंच राहू द्या. वाचनालयाच्या समितीवर असाल तर १९४८ ते १९५४चे अंक विकायच्या यादीतून आधी बाहेर काढा आणि पुराभिलेख कार्यालयाला एक साधं पत्र टाका. पोस्टकार्डही चालेल.

– दप्तरदार, जुना जालना