कार्डे चार, पत एकच

मुलाला नोकरी लागली, पहिला पगार खात्यात जमा झाला, की पेढे वाटून होण्याआधीच फोन सुरू होतात. "सर, आपल्यासाठी खास ऑफर आहे, आयुष्यभर मोफत कार्ड." वर्ष संपेपर्यंत पाकिटात तीन-चार क्रेडिट कार्डे आलेली असतात. एक पेट्रोलसाठी, एक ऑनलाइन खरेदीसाठी, एक किराण्यासाठी आणि एक विमानतळावरच्या लाउंजसाठी. विमानात बसण्याचा योग अजून आलेला नसतो, ही गोष्ट वेगळी!

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आम्हाला विचारतात, "जास्त कार्डे घेतली तर पॉइंट जास्त मिळतात. मग घेऊ नयेत का?" त्यांचे आई-वडील वेगळेच विचारतात, "या कार्डांनी सिबिल खराब होतो म्हणतात, ते खरे का?" दोन्ही प्रश्न एकाच हिशेबाचे आहेत. म्हणून या महिन्यात तो हिशेब मांडू या.

त्याआधी व्याजाचा प्रश्न, कारण आपल्या घरांत तो पहिला येतो आणि यायलाच हवा. क्रेडिट कार्ड म्हणजे कर्ज. बिल मुदतीत पूर्ण भरले तर व्याज लागत नाही, पण उशीर झाल्यास व्याज द्यावे लागेल ही अट करारात लिहिलेलीच असते. या अटीमुळे काही उलमा कार्डच नको म्हणतात. काही जण, पूर्ण रक्कम वेळेवर भरण्याची खात्री असेल तरच सवलत देतात. फतवा देणे आमचे काम नाही. ज्या आलिमांवर आपला विश्वास आहे त्यांना करार दाखवून विचारावे. ज्यांनी कार्ड घेतले आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी पुढचे वाचावे.

पॉइंटांची खरी किंमत

समजा, कार्डावर दर शंभर रुपयांना एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे आहे. महिन्याला २०,००० रुपये खर्च केले तर २०० पॉइंट, म्हणजे ५० रुपये. वर्षाचे झाले ६०० रुपये. आता कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये गेले. वर्षभर पॉइंट जमवून हातात उरले ११ रुपये.

याहून चांगली कार्डे असतात. काहींवर खर्चाच्या एक टक्का किंवा त्याहून अधिक परत मिळतो, काहींची फी ठरावीक खर्च केल्यास माफ होते. पण अटी वाचाव्या लागतात. पेट्रोल, घरभाडे, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. महिन्याला इतकेच पॉइंट, अशी मर्यादा असते. पॉइंटांना मुदत असते. आणि फी माफ व्हावी म्हणून नको ती खरेदी केली तर तो फायदा कसला?

आता दुसरी बाजू पाहा. त्याच २०,००० च्या बिलावर 'किमान देय रक्कम १,०००' असे छापलेले असते. तेवढेच भरले तर उरलेल्या १९,००० वर व्याज सुरू होते. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. साडेतीन टक्के धरले तरी एका महिन्याचे ६६५ रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून ७८५ रुपये. वर्षभराचे ६०० रुपयांचे पॉइंट एका महिन्यात गेले, वर १८५ गेले. प्रत्यक्षात बँक व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजते, त्यामुळे आकडा याहून मोठा होतो. शिवाय बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून, आणि रोख काढण्याची फी वेगळी.

या व्याजाला वरची मर्यादाही उरलेली नाही. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

'नो कॉस्ट ईएमआय'लाही अनेक जण बिनव्याजी समजतात. त्यात व्याज असतेच, फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते. बिलावर मुद्दल आणि व्याज वेगळे दिसते, व्याजावर जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फीही असू शकते. ज्यांना व्याजाचा व्यवहारच नको आहे त्यांनी हे नाव पाहून फसू नये.

पत कोण मोजते?

आपण कोणतेही कर्ज किंवा कार्ड घेतले की त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून लोक प्रत्येक स्कोअरला सिबिलच म्हणतात. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला तर बँका चांगला मानतात.

चार कार्डे चार बँकांची असली तरी ही वही एकच, पॅन क्रमांकाने बांधलेली. एका कार्डावर चुकलात तर ते उरलेल्या तिन्ही बँकांना दिसते.

नव्या कार्डासाठी अर्ज केला की बँक आपला अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. एका चौकशीने स्कोअर थोडाच घटतो आणि काही महिन्यांत सावरतो. पण एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज केले, तर पाहणाऱ्याला वाटते की या माणसाला पैशाची फार नड आहे. एका बँकेने नाकारले म्हणून लगेच दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज टाकणे ही सगळ्यात वाईट सवय. आधी नाकारण्याचे कारण शोधावे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर मात्र स्कोअर कमी होत नाही. ती भीती मनातून काढून टाका.

आता एक गोष्ट जास्त कार्डांच्या बाजूने. मर्यादेपैकी किती रक्कम आपण वापरतो हेही मोजले जाते. मर्यादा ५०,००० आणि खर्च ४०,००० असेल, तर वापर ८० टक्के झाला. तेवढ्याच मर्यादेचे दुसरे कार्ड असेल आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापर ४० टक्क्यांवर येतो. तो साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे म्हणतात. म्हणजे दुसरे कार्ड असणे हाच दोष नाही. दोष तिथे सुरू होतो, जिथे मर्यादा वाढली म्हणून खर्च वाढतो.

विसरलेले कार्ड

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घरासाठी बँकेकडे अर्ज केला. पगार चांगला, कुठलाही हप्ता थकलेला नाही, तरी अर्ज अडकला. अहवाल काढला तेव्हा कळले, की एका बँकेचे 'पहिले वर्ष मोफत' कार्ड त्याने कधी वापरलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी फी लागली. मोबाइल नंबर बदललेला, पत्ता बदललेला, बिल कुठे गेले कुणास ठाऊक. फीवर दंड, दंडावर व्याज, आणि अहवालात महिनोन्‌महिने 'थकबाकी'. रक्कम लहान होती, पण वहीत ती थकबाकी म्हणूनच लिहिली गेली. पैसे भरले तरी जुन्या महिन्यांची नोंद लगेच पुसली जात नाही. अहवालात मागच्या ३६ महिन्यांचा भरणा दिसत राहतो.

चार कार्डांचा खरा धोका हाच. चार बिलांच्या चार तारखा, चार पासवर्ड, चार फी, आणि लक्षात ठेवणारे डोके एक.

म्हणून नको असलेले कार्ड कापून कचऱ्यात टाकू नका, लेखी अर्ज करून बंद करा. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद केले पाहिजे. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. न मागता कार्ड पाठवण्यालाही त्याच नियमांत मनाई आहे. आणि बिलाची तारीख चुकलीच, तर तीन दिवसांच्या आत भरून टाका. तीन दिवस उलटल्यावरच बँक दंड लावू शकते आणि थकबाकी पतकंपनीला कळवू शकते.

"भाईजान, तुमचे कार्ड द्या ना"

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत एकाकडे कार्ड आले की ते सगळ्या खानदानाचे होते. मेहुण्याला फोन घ्यायचा आहे, चाचांच्या घरी निकाहाची खरेदी आहे, खालाच्या मुलाला लॅपटॉप हवा आहे. "दर महिन्याला पैसे देत जाईन" असे सांगितले जाते आणि नाही म्हणवत नाही. पुढे पैसे दोन महिने येतात, तिसऱ्या महिन्यात येत नाहीत. मागितले तर नाते तुटते, न मागितले तर पत जाते.

बँकेला मेहुणा माहीत नाही. तिच्या वहीत कर्जदार एकच, ज्याचे नाव कार्डावर आहे तो. घरच्यांना ॲड-ऑन कार्ड दिले तरी त्याच्या बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते. मदत करायची असेल तर आपल्याजवळ असलेल्या पैशातून करावी आणि ती लिहून ठेवावी. कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे. नात्यात लिहायला आपण लाजतो, आणि नाते बिघडते ते बहुधा न लिहिल्यामुळे.

नोकरीही अडते

बँकेत नोकरी करू पाहणाऱ्या मुलामुलींनी हे खास लक्षात घ्यावे. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ज्यांच्या नावावर आहे ते पात्र नाहीत, अशी अट स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत असते. अशाच कारणाने रद्द झालेली एक नियुक्ती २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. रात्रंदिवस अभ्यास करून परीक्षा पास व्हायचे आणि दोन हजारांच्या बुटांच्या बिलासाठी दार बंद व्हायचे, याहून वाईट काय?

उलट, ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांनी घाबरू नये. स्कोअर नसणे म्हणजे स्कोअर खराब असणे नव्हे. केवळ जुना इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. नुसता स्कोअर बनवण्यासाठी कार्ड घ्यायची गरज नाही.

मग किती कार्डे?

आमचे उत्तर असे. ज्याचा पगार महिना संपण्याआधी संपतो त्याने एकही नको. ज्याचा हिशेब नीट आहे त्याला एक पुरे. वर्षभर प्रत्येक बिल पूर्ण भरले, एकदाही तारीख चुकली नाही, आणि दुसऱ्या कार्डाचा फायदा कागदावर मांडून दिसला, तर दुसरे घ्यावे. दोन अर्जांत किमान सहा महिने जाऊ द्यावेत. घराचे किंवा शिक्षणाचे कर्ज काढायचे ठरले असेल तर त्याआधीचे सहा महिने नव्या कार्डाचा विचारही नको. मुलीच्या शैक्षणिक कर्जात अब्बा सहकर्जदार असतात, तेव्हा बँक अब्बांचाही अहवाल बघते. पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेला द्यावी, मात्र 'किमान रक्कम' नव्हे, 'पूर्ण रक्कम' निवडावी.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर फुकट नजर ठेवता येते. आपले नसलेले कर्ज किंवा बंद केलेले कार्ड चालू दिसले तर लगेच तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

शेवटी एक काम, ते या आठवड्यातच करावे. घरातली सगळी कार्डे काढून एका कागदावर लिहा: बँकेचे नाव, मर्यादा, बिलाची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, फीचा महिना. कार्डाचा पिन नको. तो कागद कपाटात ठेवा आणि बेगमला किंवा मोठ्या मुलाला दाखवा. माणूस गेल्यावर वारसांच्या वाटणीआधी त्याचे कर्ज फेडावे लागते, हे आपण सगळे जाणतो. पण कर्ज कुठे कुठे आहे हेच घरात माहीत नसेल, तर ते फेडणार कोण आणि कसे?