नागपुरात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर! घरोघरचे शब्द का बदलतात?

नागपूरच्या बाजारात ‘सांबार’ मागितला, तर कोथिंबिरीची जुडी हातात पडते. पुण्यात त्याच शब्दाने इडलीसोबतची वाटी आठवते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण घरात बोलल्या जाणाऱ्या या मराठीला शाळेत किती जागा आहे?

शब्द किती बदलतात?
पश्चिम महाराष्ट्रातील पिठल्याला विदर्भ-खानदेशात ‘बेसन’, तर वऱ्हाडात ‘चून’ही म्हणतात. बटाटा विदर्भात ‘आलू’ होतो. केरसुणी कोकणात ‘वाढवण’, तर विदर्भात ‘फडा’ असते. शब्द तोच आणि वस्तू वेगळी असली, की खरा घोळ होतो. पुण्या-मुंबईत कोहळा म्हणजे पेठा करतात ते फळ; विदर्भात ‘कोहळे’ म्हणजे लाल भोपळा.

कारण काय?
शेजार आणि राज्यकारभार. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी भाषकांसोबत एकाच प्रांतात होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तिथे उर्दूचा प्रभाव पडला. दक्षिण कोकणातील बोली कोकणीला जवळची आहे.

शाळेत अडचण कुठे येते?
पाठ्यपुस्तके प्रमाण मराठीत असतात. कोथिंबिरीचे चित्र पाहून ‘सांबार’ म्हणणाऱ्या पहिलीतल्या मुलाने वस्तू बरोबर ओळखलेली असते, तरी उत्तर चूक ठरू शकते. ‘अशुद्ध बोलतोस’ असे दोन-चारदा ऐकले की मूल वर्गात तोंड उघडेनासे होते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे, असे सांगते. मात्र माध्यम मराठी असले, तरी घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर उरतेच.

उपाय काय?
पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील शब्द आणि व्याकरणाची रूपे नोंदवली आहेत. वर्गातला उपाय मात्र बिनखर्चाचा आहे : ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असे विचारून दोन्ही शब्द फळ्यावर लिहिणे. परीक्षेसाठी, अर्जासाठी प्रमाण शब्द लागतोच. तो शिकवताना घरचा शब्द पुसण्याची गरज नाही.