'नो फूड' म्हणताना आपलं सत्याणुव्रत कुठे जातं?



मागच्या आठवड्यात मंदिरात स्वाध्याय संपला आणि अमेरिकेला निघालेल्या एका काकूंना चौघीजणींनी घेरलं. सल्ले सुरू झाले. "कढीपत्ता साडीच्या घडीत घाला." "पूजेचे तांदूळ डब्यात तळाशी ठेवा, वरून लाडू." आणि सगळ्यात ठाम सल्ला, "फूड आहे का विचारलं की नो म्हणायचं आणि पुढे चालायचं." पाच मिनिटांपूर्वी आपण सगळ्या अणुव्रतांवर बोलत होतो! मी तिथे गप्प बसले. ते चुकलं, म्हणून आज लिहिते.

गप्प बसले, कारण हेच खोटं मी स्वतः बोलले आहे.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी आणि सासूबाई निघालो होतो. अमेरिकेत उतरून पुढे आणखी एक विमान होतं. बॅगेवर शेवटच्या गावाचा टॅग, त्यामुळे मला वाटलं, काय विचारायचं ते तिथेच विचारतील, लेक असेल सोबत. पण तसं नसतं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर पाय ठेवला की तिथेच इमिग्रेशन. मग टॅग कुठलाही असो, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा जमा करायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत सुरक्षा तपासणी. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, "नो म्हण."

मी नो म्हणाले. बॅग उघडली. लाडू, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि तळाशी पूजेचे तांदूळ नि कागदात गुंडाळलेला कढीपत्ता. तांदूळ आणि कढीपत्ता काढून घेतला, बाकी सगळं परत दिलं, दंड न करता ताकीद दिली. तेवढ्यात पुढचं विमान गेलं. सूर्यास्त झाला होता, सासूबाईंनी पाणीही घेतलं नाही. रात्रभर खुर्चीवर बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "तांदूळ गेले ते जाऊ दे गं. पण तू नाही का म्हणालीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीत कसलं पाप? मैत्रिणींनो, तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला एक 'विरुद्धराज्यातिक्रम'. राज्याचा नियम चुकवून व्यवहार करणं. आपण तो पाठ करतो, मुलांच्या पाठशाळेत विचारतो, आणि विमानतळावर नेमका तोच मोडतो. वर सत्याणुव्रतही गेलं. एका 'नो'मध्ये दोन व्रतं!

आणि अहिंसेचं काय? कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्या पानावरून सिट्रस सायला नावाची बारीक कीड जाते आणि ती ग्रीनिंग रोग पसरवते. फ्लोरिडात हा रोग 2005 साली सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तांदळातून खापरा भुंगेरा जातो, तो साठवलेलं धान्य पोखरतो. म्हणून आपल्याकडचा तांदूळ सामानातून तिथे नेता येत नाही. एकदा कीड पसरली की औषधं फवारून किती जीव मारावे लागतात, विचार करा. पाणी गाळून पिणाऱ्या, धान्य दोनदा निवडणाऱ्या आपण, याला क्षुल्लक म्हणायचं?

दुसरा आक्षेप येतो तो पोटाचा. "कंदमूळ चालत नाही, रात्री जेवत नाही, मग परक्या देशात खायचं काय?" हा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर खोटं बोलणं नाही. लाडू, भडंग, चटण्या, मसाले असं सुकं, भाजलेलं-तळलेलं बहुतेक सुटतं. फक्त सांगावं लागतं. सांगितलं आणि एखादी वस्तू बसत नसेल, तर ती ठेवून घेतात, दंड होत नाही. लपवलं आणि सापडलं तर पहिल्याच वेळी 300 डॉलर दंड होऊ शकतो. म्हणजे व्यवहारातही खरं बोलणंच स्वस्त!

मला खरा राग कशाचा येतो सांगू? शिकलेली मुलं-मुली आपल्याला नियम समजावत नाहीत, 'आई, तू काही बोलू नकोस' म्हणतात. आणि आपणही तेच सोयीचं मानतो. संसारभर घरचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला चार वाक्यं बोलता येणार नाहीत? कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार, खाण्याचं काय आणलंय. एवढंच तर विचारतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. तेही जमत नसेल तर पदार्थांची यादी मुलांकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि समोर ठेवा.

म्हणून त्या काकूंना आणि निघणाऱ्या सगळ्यांना सांगते. मधला वेळ किमान तीन तासांचा ठेवा. खाण्याचं सगळं एकाच बॅगेत, वरच ठेवा. पूजेचे तांदूळ तिथल्या दुकानातून घ्या, भगवंतांना चालतात. उकळलेल्या पाण्याची बाटली तपासणीआधी रिकामी करा. जैन जेवण दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं सांगून ठेवा. परत येतानाही हेच लक्षात असू द्या. आपल्या विमानतळावर हिरव्या मार्गाने बाहेर पडणं म्हणजे 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं बोलणंच आहे, तोंड उघडलं नाही तरी.

दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी आपण उपवास करतो, प्रवचन ऐकतो. मैत्रिणींनो, त्या धर्माची परीक्षा मंदिरात होत नाही. ती परक्या देशात, थकलेल्या पायांनी, बॅग ओढत असताना होते. मी त्यात नापास झाले. तुम्ही होऊ नका.

तुम्हाला हे पटत नसेल तर जरूर कळवा, भांडायला मी तयार आहे.

जय जिनेंद्र.