काळोखाच्या ऋतूत शिकताना

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी पोलंडमधील विद्यापीठात शिकण्यास निघाली असेल, तर बॅगेत स्वेटर किती आणि मेतकूट किती, याची चर्चा सध्या घरात रंगली असेल. थंडीची धास्ती सर्वांनाच असते. वस्तुतः तिथे थंडीचा बंदोबस्त चोख असतो. वसतिगृहाच्या खोल्या, वर्ग, ट्राम, सारे उबदार. ज्याची पूर्वकल्पना आपण मुलांना देत नाही, तो अंधार.

तिथले शैक्षणिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. नवे शहर, नवे सोबती, पिवळी झालेली झाडे, यांत पहिले आठवडे सरतात. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास मागे केली जातात आणि संध्याकाळ एकाएकी दुपारला येऊन भिडते. डिसेंबरात वॉर्सामध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आधीच मावळतो. त्यातही आकाश बहुधा ढगाळ. बारा महिने उन्हात वाढलेल्या आपल्या मुलांना हे सहजी मानवत नाही.

सकाळचा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतील घड्याळाला जागे करतो. तो मिळाला नाही की झोप पुरेशी होऊनही उठवत नाही, अंग जड होते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ वाढते, माणसे नकोशी वाटतात. या ऋतुबद्ध नैराश्याचे सविस्तर वर्णन नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. नेमक्या याच काळात, जानेवारीच्या अखेरीस, सत्र परीक्षा येऊन ठेपतात. इकडे फोनवर आपल्याला ऐकू येते ते एवढेच : ‘अभ्यास होत नाही.’ आणि लाखोंचे कर्ज काढलेला बाप बोलून जातो, ‘आळस सोड.’ त्या एका वाक्यानंतर मूल खरे सांगणे थांबवते. पुढचे सगळे फोन मग ‘ठीक आहे’वर संपतात.

उपाय अवघड नाहीत, पण ते ऑक्टोबरातच सुरू व्हायला हवेत. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. म्हणून सकाळी किंवा मध्यान्ही अर्धा तास बाहेर चालणे हे औषधच समजावे. त्याने भागले नाही तर दहा हजार लक्सचा प्रकाशदिवा सकाळी वीस-तीस मिनिटे वापरतात. मात्र डोळ्यांचा विकार असेल किंवा पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. हिवाळ्यात तिथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही आणि सावळ्या त्वचेला ते मिळवणे आणखी कठीण. निघण्यापूर्वी रक्ततपासणी करून मात्रा ठरवून घ्यावी. क्राकोसारख्या शहरात हिवाळी धुरकेही असते. तिथे सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळण्यास बंदी आहे, तरी भोवतालच्या गावांचा धूर येतोच. दम्याच्या मुलांनी हवेचा निर्देशांक पाहूनच फिरायला निघावे.

एक कागद विसरू नये. परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या राष्ट्रीय आरोग्य निधीशी ऐच्छिक विम्याचा करार करता येतो. आपल्याकडल्यासारखे दुकानात जाऊन प्रतिजैविक मागता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि तीही संगणकीय, चार अंकी संकेतांकाची. नेहमीची औषधे असतील तर इंग्रजीतील चिठ्ठी सोबत द्यावी. अनेक विद्यापीठांत मानसोपचार-सल्ल्याची सोय असते. तिचा पत्ता पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावा, गरज पडल्यावर नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली तर तिथे जायलाच हवे. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा आली तर थांबू नये. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

आपण बहुधा रात्री जेवणे आटोपल्यावर फोन करतो. हिवाळ्यात तिथे आपल्या साडेचार तास मागे वेळ असते, म्हणजे मूल तेव्हा अंधारात एकटे खोलीत बसलेले असते. त्यापेक्षा सुटीच्या दिवशी आपल्या दुपारच्या चहाच्या वेळी, साडेचारला फोन लावा. तिथे तेव्हा बारा वाजलेले असतात. ‘मोजे घाल, बाहेर पड आणि चालता चालता बोल’ असे सांगा, आणि परीक्षेचे सोडून काहीही विचारा.