आरोग्यचिंतन : उतरलेली हिरडी आणि आपला विवेक



मोहने येथील एका भगिनीने लिहिले आहे : "खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरून मुळे उघडी पडली आहेत. उकळलेले पाणी गार झाले की पिताना कळ मस्तकात जाते. दंतवैद्यांनी शस्त्रक्रिया सुचविली आहे. परंतु तीत प्राणिज पदार्थ वापरतात, असे कानावर आले. मग मन धजत नाही. काय करावे?"

ऐकलेले खोटे नाही, मात्र ते अपुरे आहे.

दाताच्या मुळावर इनॅमलचे कवच नसते. म्हणून हिरडी उतरली की गार-गरम थेट झोंबते. जोराने घासणे, मशेरी-तंबाखू, साचलेले कीटण, मुळातच पातळ हिरडी ही त्याची नेहमीची कारणे. उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. तरीही प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. मऊ ब्रश, योग्य पेस्ट आणि कीटण काढणे एवढ्याने कळ थांबली व हिरडी आणखी उतरत नसली, तर नुसते लक्ष ठेवणेही पुरते.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर कधी लगतची हिरडी सैल करून मुळावर ओढून शिवतात. कधी टाळूच्या आतील थराची दीड-दोन मिलिमीटर जाडीची चकती काढून त्या हिरडीखाली बसवितात. अमेरिकेतील लँगर दांपत्याने १९८५ साली मांडलेली ही दुसरी पद्धत आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. आणि येथेच आपल्या भगिनीचे उत्तर आहे : ही चकती रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातील असते. टाळूला दोन-तीन आठवडे त्रास होतो, हे मात्र खरे.

हा त्रास टाळण्यासाठी बाजारात तयार पर्याय आहेत, आणि शंकेला जागा तेथे आहे. कोलॅजनचे पडदे बहुधा डुक्कर वा गाय-बैलाच्या ऊतींपासून बनतात. हिरडीखाली लावण्याचे एक प्रथिनयुक्त जेल डुकराच्या कोवळ्या दातांपासून. काही तयार त्वचापट मृत दात्याच्या कातडीचे असतात. टाके घालण्याचे कॅटगट जनावराच्या आतड्याचे, रेशमी धागा रेशीमकिड्याचा. टाळूच्या जखमेवरील जिलेटिन स्पंज आणि औषधांच्या कॅप्सूलचे कवचही बहुधा प्राणिजच. टाक्यांसाठी कृत्रिम धागा, कॅप्सूलऐवजी गोळी, टाळूवर ॲक्रिलिकची पट्टी हे सर्व मिळू शकते. दुकानातील मालाचे मूळ आपण चौकसपणे विचारतो. तोंडात बसणाऱ्या वस्तूचे विचारण्यात संकोच कसला? मात्र हे आधी विचारावे, शस्त्रक्रियेच्या खुर्चीत बसल्यावर नव्हे.

रुग्णाच्याच रक्तातून काढलेली फायब्रिनची जाळीही काही तज्ज्ञ वापरतात. ती निर्दोष खरी. परंतु टाळूच्या चकतीइतका भरवसा तिच्यावर टाकू नये, असे माझे मत.

यश कितपत? दोन दातांमधील हाड व हिरडी शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. तेथलेच हाड झिजले असेल, तर काहीच अंश झाकला जातो. हे एक्स-रे पाहून तज्ज्ञाने आधी सांगावयास हवे. तंबाखू चालू असेल, मधुमेह आवाक्यात नसेल, तर थांबावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख विसरू नये. त्या स्वतःहून बंदही करू नयेत.

मोहन्याच्या लोकांना आंबिवलीहून मुंबईची लोकल आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील शासकीय दंत महाविद्यालय व मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय येथे हिरडीरोगाचे स्वतंत्र विभाग आहेत. दुसरे मत घ्यावयाचे, तर तेथे जावे.

शेवटी वेळेचे. चौविहार पाळत असल्यास तज्ज्ञांना आधीच सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतील. वेदनाशामक उपाशीपोटी घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे मऊ, कोमट आहार लागतो आणि त्या जागी ब्रश चालत नाही. त्यामुळे पर्युषण किंवा दशलक्षणाच्या तोंडावर हे काम काढू नये. भगिनीने उपवासाचा संकल्प केला असेल, तर पारणे होऊन शक्ती भरून आल्यावरच तारीख घ्यावी.