सैतान, श्रद्धा आणि शरणागती

३० एप्रिल १९६६ च्या रात्री, युरोपीय लोकसमजुतीत चेटकिणींची रात्र मानल्या गेलेल्या त्या तिथीला, सॅन फ्रान्सिस्को येथे अँटन लावे याने ‘चर्च ऑफ सेटन’ या संस्थेची स्थापना केली. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याचे ‘द सटॅनिक बायबल’ प्रसिद्ध झाले आणि सैतानपंथाला प्रथमच एक संघटित, जाहीर आणि स्वतःच्या नावाने वावरणारे रूप लाभले. या पंथात सैतान ही कोणी व्यक्ती नाही. मनुष्याच्या देहधर्माचे, अहंतेचे आणि बंडखोर बुद्धीचे ते प्रतीक आहे. सैतान खरोखर अस्तित्वात आहे असे मानणारा मनुष्य या संस्थेच्या दृष्टीने सैतानपंथीच नव्हे. तो केवळ ‘सैतानपूजक’, म्हणजे उलटा करून धरलेला ख्रिस्ती. २०१३ मध्ये उदयाला आलेले ‘द सटॅनिक टेम्पल’ हे या जुन्या संस्थेशी अनेक बाबतींत हाडवैर धरून असले, तरी सैतानाला अलौकिक सत्ता मानू नये एवढ्यापुरते दोघांचे एकमत आहे.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : सैतान ही कल्पना ख्रिस्ती विश्वव्यवस्थेतील आहे. तो खरा मानला की त्याच्या पाठोपाठ देवदूतांचे पतन, नरक, अंतिम निवाडा आणि अखेरीस ईश्वरही मानावा लागतो. ज्याच्याविरुद्ध बंड करायचे त्याचेच सारे दफ्तर स्वीकारून बंड पुकारणे हा वदतोव्याघात होय. म्हणून सैतानपंथ निरीश्वरवादीच असू शकतो. त्यापलीकडच्या कोणत्याही श्रद्धेला त्यात थारा नाही.

या युक्तिवादाचा पहिला दोष इतिहासाचा आहे. हिब्रू भाषेत ‘सातान’ या शब्दाचा अर्थ प्रतिपक्षी, आक्षेप घेणारा असा आहे. ईयोबाच्या ग्रंथातील सैतान ईश्वराच्या दरबारात उभा राहणारा फिर्यादी आहे, आणि त्याच्या अनुमतीवाचून त्याला पाऊल टाकता येत नाही. बंडखोर देवदूत, नरकाचा अधिपती ही रूपे नंतरची. म्हणजे ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या आधीची आहे आणि ती एकसंध नाही. मिल्टनने १६६७ मध्ये ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये तिला महाकाव्याचे भव्यत्व दिले, ब्लेकला तर मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा वाटला. १८२१ मध्ये साउदीने बायरनप्रभृती कवींवर ‘सैतानी संप्रदाय’ असा शिक्का मारला, आणि शिवी म्हणून दिलेला तो शब्द पुढे काहींनी भूषणासारखा मिरवला. इटलीच्या कार्दुच्चीने १८६३ मध्ये सैतानावर रचलेल्या स्तोत्रात बुद्धी, विज्ञान आणि वाफेचे इंजिन यांचा जयघोष आहे; त्याच कवीला १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लावेचे प्रतीक या परंपरेचे वारस आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या कल्पनेने फिर्यादी, बंडखोर, प्रियकर आणि यंत्रयुगाचा अग्रदूत इतकी रूपे पाहिली, तिचे एकच रूप खरे आणि बाकीची भ्रष्ट, असा निवाडा देण्याचा अधिकार एका संस्थेला कोठून प्राप्त झाला?

दुसरा दोष खुद्द लावेच्या ग्रंथात आहे. या ग्रंथाचा मोठा भाग तत्त्वचर्चेचा नसून विधींचा आहे. त्यात आवाहने आहेत, शाप आहेत, आणि सोळाव्या शतकातील जॉन डी याच्या गूढ भाषेतील मंत्रही आहेत. विधीच्या वेळी उसळणाऱ्या भावनेच्या बळावर दूरस्थ व्यक्तीवर परिणाम घडविता येतो, असे लावे सांगतो. त्याचे अनुयायी म्हणतील की ही शक्ती अलौकिक नाही. विज्ञानाला अद्याप न उमगलेली निसर्गाचीच शक्ती आहे. ठीक आहे. पण विज्ञानाला न उमगलेल्या शक्तीसाठी जे दार उघडले, ते विज्ञानाला न उमगलेल्या चेतनेसाठी कोणत्या न्यायाने बंद करायचे? कठोर जडवादी दोन्ही नाकारील, आणि त्याची भूमिका सुसंगत ठरेल. लावेला मात्र एकाचा स्वीकार आणि दुसऱ्याचा बहिष्कार हवा आहे; त्यामागचे कारण तो सांगत नाही.

हे दार पंथाच्या आतूनच ढकलले गेले. १९७५ मध्ये मायकेल ॲक्विनो हा संस्थेतील ज्येष्ठ पुरोहित बाहेर पडला. संस्थेतील पदव्या देणगीच्या मोबदल्यात दिल्या जाऊ लागल्या हे तात्कालिक कारण होते. पण मूळ मतभेद त्याहून खोल होता. ॲक्विनोच्या मते ज्याला सैतान म्हटले जाते ती सत्ता खरी होती, आणि तिचे प्राचीन नाव मिसरी देवता सेत हे होते. त्याने ‘टेम्पल ऑफ सेत’ स्थापन केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सेतला खरा मानणारे हे लोक सेतची पूजा करीत नाहीत. तो त्यांना उपास्य नसून आदर्श आहे. साधकाने स्वतःची जाणीव घडवीत जाणे हेच तेथे ध्येय मानले जाते. अस्तित्वावर विश्वास आहे, पण गुडघे टेकलेले नाहीत. पूर्वपक्षाने जी गोष्ट अशक्य ठरविली होती, ती १९७५ मध्येच प्रत्यक्षात आली होती.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. पाश्चात्त्य वादात ‘ईश्वर मानणारे’ आणि ‘न मानणारे’ असे दोनच तट कल्पिले जातात. या देशातील विचारपरंपरेने ही वाटणी कधीच पुरेशी मानली नाही. येथे आस्तिक आणि नास्तिक हा भेद मुख्यतः वेदप्रामाण्याचा होता. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत गणली गेली. जैन दर्शन सृष्टिकर्ता नाकारते, पण देवलोक आणि तेथील देव नाकारीत नाही. हे देवही कर्माने बांधलेले असून मोक्षासाठी त्यांना मनुष्यजन्मच घ्यावा लागतो. सृष्टिकर्ता नाकारणे, मनुष्याहून निराळ्या सत्ता मानणे आणि त्या सत्तांपुढे शरण जाणे हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दिल्याने उरलेल्या दोहोंची उत्तरे आपोआप मिळत नाहीत. सैतानपंथाविषयीचा सारा घोळ या तिहींची एकच मोट बांधल्यामुळे झाला आहे.

तेव्हा निरीश्वरवादापलीकडची श्रद्धा आणि सैतानपंथ यांचा मेळ बसतो काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. मात्र हा होकार सरसकट नाही. सैतानाच्या कथेचा प्राण सेवा नाकारण्यात आहे. ज्याने धन्य़ाची चाकरी सोडण्यासाठी स्वर्ग गमावला, त्याच्याच पायांशी नवी चाकरी पत्करणे म्हणजे केवळ धनी बदलणे होय. रक्ताने करार लिहून धन, कीर्ती वा सूड मागणारा भक्त, त्याच्या आराध्याचे नाव काहीही असो, जुन्याच धर्माचा देवघेवीचा व्यवहार पुढे चालवीत असतो. त्याच्यावर आक्षेप घ्यायचा तर तो सैतानाला खरा मानतो म्हणून नव्हे, त्याच्यापुढे लोटांगण घालतो म्हणून घ्यावा. आणि हीच कसोटी लावली तर संस्थेच्या फतव्याने आपली श्रद्धा ठरवू देणारा निरीश्वरवादीही निर्दोष सुटत नाही. आज्ञापालनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पंथाने अनुयायांना अमुकच माना अशी आज्ञा करावी, हा खरा वदतोव्याघात.

हा वाद एखाद्या लहानशा पंथाचे घरगुती भांडण म्हणून सोडून देता आला असता. पण या शब्दापायी माणसांना किंमत मोजावी लागली आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सैतानी टोळ्या मुलांचा बळी देतात अशा अफवांचे पेव फुटले. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९९० मध्ये संपला तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. संघराज्याच्या तपासयंत्रणेतील केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या अहवालात अशा संघटित हत्यांना पुरावा आढळत नसल्याचे नमूद केले. तरीही आर्कान्सा राज्यात १९९४ मध्ये तीन तरुणांना खुनासाठी दोषी ठरविताना काळे कपडे आणि गूढविद्येची आवड यांचाही आधार घेतला गेला. त्यांपैकी एकाला मृत्युदंड फर्मावण्यात आला होता. ते तिघे सुटले २०११ मध्ये.

अशा काळात ‘आम्ही सैतान मानतच नाही’ हे उत्तर देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या उत्तराचा दुसरा अर्थ असा होतो की जो मानतो तो संशयास पात्र आहे. स्वतःची सुटका करून घेताना शेजाऱ्याला जमावाच्या हाती देण्याचाच हा प्रकार. इराकमधील यझिदी समाजाने या तर्काचे टोक पाहिले आहे. यझिदी लोक सैतानपंथी नाहीत. ‘तावुसी मेलेक’ हा मयूररूपी देवदूत त्यांना पूज्य आहे, आणि सैतानाचे नाव उच्चारणेही ते वर्ज्य मानतात. परंतु शेजाऱ्यांनी त्या देवदूताला इब्लिस ठरविले आणि शतकानुशतके त्यांना सैतानपूजक म्हणून छळले. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजार भागात ‘इस्लामिक स्टेट’ने याच आरोपाचा आधार घेऊन हजारोंना ठार मारले आणि स्त्रियांना दासी केले, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये त्याला वंशसंहार म्हटले. एकाचा देव दुसऱ्याच्या कोशात सैतान होतो, ही गोष्ट गोव्यालाही अपरिचित नाही. तेथील हिंदू खेडुताचा देवचार गावाची सीमा राखणारा रक्षक आहे; ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानासाठी रुळला.

यावरचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात सापडते. ओहायो राज्यातील काही बंदिवानांनी आपल्या धर्माचरणाच्या हक्कासाठी दाद मागितली होती. त्यांत एक सैतानपंथीही होता. २००५ मध्ये न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल देऊन संबंधित कायदा वैध ठरविला. सैतान खरा की प्रतीकात्मक, हा प्रश्न निर्णयासाठी आवश्यक ठरला नाही. श्रद्धेचे सत्यासत्य न्यायाधीशाने ठरवू नये हे तत्त्व त्या न्यायालयाने १९४४ पासूनच मान्य केले होते.

न्यायालयाला जे कळले ते बंडखोरांच्या संस्थांना कळू नये, हे विपरीत आहे. सैतान नाही असे म्हणणाऱ्याने ते अवश्य म्हणावे आणि त्यासाठी जेवढे प्रबळ पुरावे देता येतील तेवढे द्यावेत. मात्र तो आहे असे मानणाऱ्याला पंथाबाहेर काढण्यापूर्वी, आपण स्वतः नेमके कोणते दार राखीत उभे आहोत, हे त्याने एकदा वळून पाहावे.