बॉस मोडला, म्हणून मशीन भंगारात?

शीर्षक वाचून कुणी एचओडींच्या केबिनकडे बघू नका! हा बॉस वेगळा. प्रिंटरचं कव्हर काढलं की आत प्लास्टिकच्या भिंतीतून उभे राहिलेले छोटे पोकळ खांब दिसतात. स्क्रू त्यांच्यात बसतो. मोटर, गिअरची प्लेट, सर्किट बोर्ड हे सगळं त्यांच्याच जिवावर जागच्या जागी राहतं. ह्या खांबांना डिझाईनच्या भाषेत बॉस म्हणतात. करंगळीपेक्षा बारीक असा एखादा बॉस तुटला, की प्रिंटर आधी करकरतो, मग कागद अडकवतो आणि शेवटी डेड स्टॉकच्या यादीत जाऊन पडतो. बाकी कुठेही असं होवो, इंजिनिअरिंग कॉलेजात होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसातला लेसर प्रिंटर गेल्या सत्रात असाच बंद पडला. मोटर चांगली, टोनर नवा, बोर्ड ठणठणीत. गिअर प्लेट धरणाऱ्या चार बॉसपैकी दोन गेले होते, बस्स! प्लेट हलायची आणि गिअरचे दात एकमेकांवरून घसरायचे. सर्व्हिसला आलेला माणूस म्हणाला, "हा पार्ट सुटा येत नाही, अख्खी फ्रेम बदलावी लागेल. त्यापेक्षा नवीन घ्या." झालं! एका साध्या बोनाफाईडसाठी आपण किती हेलपाटे घातले ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. आणि गंमत म्हणजे ज्या इमारतीत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतात, त्याच इमारतीत हा प्रिंटर चादर पांघरून पडलाय. राइट-ऑफच्या यादीवर अजून सही व्हायची आहे, म्हणूनच हा लेख.

बॉस तुटतात का? पहिलं कारण डिझाईनमध्येच आहे. बॉसची भिंत जाड केली तर प्लास्टिक थंड होताना बाहेरच्या बाजूला खड्डा पडतो, म्हणून ती मूळ भिंतीच्या साधारण ६० टक्केच ठेवतात. म्हणजे बिचारा जन्मतःच बारीक. त्यात बुडाशी काटकोनी कोपरा असेल तर स्ट्रेस सगळा तिथेच गोळा होतो. दुसरं कारण आपला हात. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. दर वेळी उघडताना-लावताना नवीन आटे पडले की भोक सैल होतं, मग आपण अजून जोर लावतो आणि खांब उभा चिरतो. साधी युक्ती आहे: स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवायचा, 'टक्' करून जुन्या आट्यात बसला की मगच सुलटा पिळायचा. ही गोष्ट मला वर्कशॉपच्या मामांकडून कळली, पुस्तकातून नाही.

आता दुरुस्तीचं. आधी प्लास्टिक ओळखायचं. पार्टच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा त्याचं नाव उठवलेलं असतं. एबीएस असेल तर नशीब चांगलं. त्यावर इपॉक्सी, म्हणजे आपलं दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट, छान धरतं. शिवाय एबीएसचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदाही चालतो. पीओएम किंवा पीपी निघालं तर गोंदाच्या नादी लागू नये, धरतच नाही. तिथे नट-बोल्टच हवा.

नुसते आटे गेले असतील तर भोक इपॉक्सीने भरून, पूर्ण वाळल्यावर योग्य मापाच्या ड्रिलने पुन्हा पाडायचं. भिंत पुरेशी जाड असेल तर सोल्डरिंग गनने तापवून पितळी इन्सर्ट बसवता येतो. खांब उभा चिरला असेल तर त्याच्याभोवती बारीक नळीचा तुकडा कॉलरसारखा चढवून इपॉक्सी भरायचं. बुडातूनच मोडला असेल आणि मागे जागा मोकळी असेल, तर आरपार भोक पाडून वॉशर लावलेला तीन मिलिमीटरचा बोल्ट सगळ्यात भरवशाचा.

पण खरी मेख चिकटवण्यात नाही, जागेत आहे. खांब अर्धा मिलिमीटर सरकला तरी दोन गिअरमधलं अंतर बदलतं आणि करकर परत सुरू. म्हणून मूळ प्लेटलाच जिग करायचं: तुटका खांब स्क्रूने प्लेटला लावायचा, स्क्रूला ग्रीस चोळायचं म्हणजे तो चिकटून बसणार नाही, प्लेट उरलेल्या चांगल्या बॉसवर कसायची आणि मग बुडाशी इपॉक्सी भरून २४ तास हात लावायचा नाही. पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने खरवडून, पुसून घ्यायला विसरू नका.

हे सगळीकडे चालतं असं मुळीच नाही. कागदावर टोनर पक्का करणारा फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि साधं इपॉक्सी १०० च्या आतच मऊ पडतं. तिथे चिकटवाचिकटवी म्हणजे आगीशी खेळ. लेसर युनिटचे बॉस मोडले असतील तर जरासा तिरकेपणाही छपाई वाकडी करतो, शिवाय प्रश्न डोळ्यांचा आहे. पॉवर सप्लायला हात लावायचा नाही. प्लग काढून, मशीन थंड झाल्यावरच कव्हर उघडायचं. कुठे दुरुस्ती करू नये हे ठरवता येणं, हाच तर इंजिनिअर आणि जुगाडू यांच्यातला फरक!

स्टाफपैकी काही जण म्हणतील, "पोरांनी अजून बिघडवलं तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त आहे. वॉरंटीत किंवा एएमसीत असलेल्या मशीनला कुणी हात लावू नये, हे मलाही मान्य. पण जे मशीन भंगारात जाणारच आहे, ते अजून काय बिघडणार? दुसरा मुद्दा वेळेचा. खरं काम दोन तासांचं, बाकी वाळायची वाट बघणं. खर्च म्हणाल तर इपॉक्सी आणि चार बोल्ट.

शिवाय भंगारात टाकणं वाटतं तितकं सोपं नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरही येतात. तो नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रीसायकलिंगवाल्याकडेच गेला पाहिजे, रद्दीवाल्याच्या हातगाडीवर नाही. आणि चांगली मोटर, चांगला बोर्ड असलेलं मशीन दोन खांबांपायी वितळवायला पाठवणं, ह्याला कुठलं शहाणपण म्हणायचं?

म्हणून माझी सूचना साधी आहे. राइट-ऑफच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'नेमकं काय मोडलं?' ते लिहिल्याशिवाय सही नाही. आणि सहीआधी ते मशीन एक शनिवार वर्कशॉपमध्ये येऊ द्या, एक शिक्षक, मामा आणि आम्ही चार-पाच विद्यार्थी. जमलं तर ऑफिसला प्रिंटर मिळेल. नाही जमलं तर यादी आहेच, पण तेव्हा निदान का जमलं नाही हे आम्हाला माहीत असेल. चार वर्षांत आम्ही असे कितीतरी बॉस कागदावर काढतो. त्यातला एक तरी हाताने उभा करून बघू द्या!